जाऊबाईंची नजर

आमच्या मोठ्या जाऊबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी ओटा बघतात आणि मग माणसं. घरची बाई दारात "या, या" करत उभी असते आणि ह्या तिच्या खांद्यावरून आत नजर टाकून विचारतात, "सिंकच्या पुढे तडा गेलाय ना?" गेलेलाच असतो. दगडाचा ओटा फुटतो तो बहुतेक तिथेच, कारण सिंक बसवायला दगड कापला की पुढे एक चिंचोळी पट्टी उरते आणि जो येतो तो तिच्यावरच रेलतो. हे मलाही आता पाठ झालं आहे, पण मी आधी "कशा आहात" असं विचारते. जाऊबाईंना तेवढा धीर नाही.

खाली आमचा दगड कापायचा कारखाना आणि वर समोरासमोर दोन घरं, एक थोरल्यांचं आणि एक आमचं. मोठे भाऊजी आणि आमचे हे, दोघे भाऊ मिळून दगड कापतात आणि ओटे बसवून देतात. मी फोन घेते, कुणाकडे कधी जायचं ते ठरवते आणि गाडी चालवते. आणि फुटलेलं, तडकलेलं, डागाळलेलं, टवके उडालेलं जे काही असेल ते जाऊबाईंचं. त्याला त्या दोघा भावांना बोटसुद्धा लावू देत नाहीत. भाऊजी एवढे दांडगे, त्यांचा आवाज रस्त्याच्या टोकाला ऐकू जातो. पण बायको दगडावर वाकलेली असली की ते पाय न वाजवता बाजूने जातात.

हे काम त्यांना कुणी शिकवलेलं नाही. लग्न होऊन त्या नव्या आल्या तेव्हा गाडीत चढवताना भाऊजींच्या हातून एक तयार ओटा दुभंगला. सासरे म्हणजे जमदग्नीचा अवतार. नवरा घामाघूम होऊन बसलेला. नव्या सुनेनं काय करावं? करवतीखाली पडलेली त्याच दगडाची पूड गोळा केली, चिकटवायच्या इपॉक्सीत कालवली, फट भरली आणि घासूनपुसून ओटा जागेवर ठेवला. सासऱ्यांनी त्यावरून हात फिरवला, "बरा झालाय" म्हणाले आणि निघाले. इथे कुठलीही शहाणी मुलगी गप्प बसली असती. ह्यांना बसवेना. "मामंजी, हा फुटला होता. कुठे ते शोधून दाखवा," असं त्यांनी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं. सासऱ्यांनी चष्मा लावून शोधलं. सापडलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे फुटका दगड टाकून देणं बंद झालं. भाऊजी अजून म्हणतात, "मला वाचवायला निघाली आणि शेवटी मलाच पकडून दिलं."

त्यांची एक पद्धत आहे. कुणाच्या ओट्याला हात लावण्याआधी त्या विचारतात, तुम्ही इथे कामाला उभ्या कधी राहता? सकाळी म्हणाल तर त्या सकाळी येतात, दिवे लावून स्वयंपाक करत असाल तर दिवे लागल्यावर येतात. ज्या उजेडात ओटा वापरला जाणार त्याच उजेडात रंग जुळवायचा. कारखान्यात जुळवलेला रंग घरी नेला की परका दिसतो, म्हणतात. बरोबर एक लाकडी पेटी असते, तिच्यात काचेच्या बरण्या आणि बरण्यांत रंगीबेरंगी पूड. एकीवरही नाव नाही, कारण कशात काय आहे ते त्यांना माहीत आहे आणि दुसऱ्या कुणाला माहीत असायचं काही कारण नाही. पांढऱ्या बशीत थोडी पूड, थोडी इपॉक्सी, पुन्हा चिमूटभर पूड, असं चालतं. मग फट भरायची, घट्ट होऊ द्यायची, ब्लेडनं तासायची आणि पाणी सोडत घासत घासत दगडाची मूळ चकाकी परत आणायची. मधूनमधून घरच्या बाईला बोलणी. "व्हिनेगर सांडलं होतं ना इथे? पुसलं का नाही लगेच? संगमरवर आहे हा, स्टीलचं ताट नाही."

सगळं झालं की परीक्षा. घरात असतील तेवढ्या सगळ्यांना ओट्याशी बोलवायचं, आपण कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि म्हणायचं, "तडा कुठे होता ते शोधा." ज्यांनी तो तडा रोज पुसला, ज्यांच्या बोटाला तो टोचला, तीच माणसं वाकून बघतात, हात फिरवतात आणि म्हणतात, "छे, नाही सापडत." "सापडायचा नाहीच," असं म्हणून जाऊबाई पेटी बंद करतात. मी दारात गाडीची किल्ली घेऊन उभी असते आणि हे नाटक बघते.

त्यांचा तोरा मला कधीच मानवला नाही. खरं सांगायचं तर राग यायचा. पण काम असं की बोट ठेवायला जागा नसे, त्यामुळे राग मुकाट्यानं गिळावा लागे.

मग एकदा बोट ठेवायला जागा मिळाली. आमच्या घरचा ओटा पांढऱ्या संगमरवराचा. वरच्या कपाटातला डबा काढायला आमच्या ह्यांनी त्यावर गुडघा टेकवला आणि सिंकपुढची पट्टी कटकन मोडली. दगडात जन्म गेलेला माणूस, आणि गुडघा कुठे टेकवू नये हे कळत नाही. जाऊबाईंनी धाकट्या दिराची मनसोक्त हजेरी घेतली आणि सांधा भरून दिला. परीक्षेला आम्ही दोघं उभे. ह्यांनी बघितल्यासारखं केलं आणि "नाही दिसत" म्हणून सुटका करून घेतली. मला मात्र दिसत होता. हाताला काही लागत नव्हतं, पण पांढऱ्या दगडात एक पिवळसर रेघ होती, जुन्या दातासारखी.

"जाऊबाई, इथे जरा पिवळं वाटतंय," मी म्हणाले.

"कुठे?"

मी बोट ठेवलं. त्या वाकल्या, पुष्कळ वेळ बघितलं आणि सरळ झाल्या.

"तुला फोनवर बसवलंय ना, ते बरोबर बसवलंय गं, धाकटे," त्या म्हणाल्या. "रंग हे तुझं काम नाही."

मी आठवडाभर त्यांच्याशी तुटक बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, हे आणखी वाईट.

त्या सुमाराला बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. चहा कपाऐवजी बशीत ओतला जायचा. एका पायात काळा मोजा आणि एका पायात निळा. अंधार पडल्यावर समोरच्या गाड्यांचे दिवे फुटून पसरल्यासारखे दिसतात म्हणायच्या आणि दोष त्या गाडीवाल्यांना द्यायच्या. शेवटी भाऊजींनी आवाज चढवला आणि मी जाऊबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे नाव नोंदवायच्या खिडकीशी दगडी फळी होती. जाऊबाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि आतल्या मुलीला सांगितलं, "खालून तडकलीये. कुणाला वर बसू देऊ नका." मुलगी म्हणाली, "आजी, आधी नाव सांगा." आजी म्हटलेलं त्यांना आवडलं नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणि चांगला पिकलेला. डॉक्टर समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "डोळ्यांसमोर पिवळी काच धरून बघितल्यासारखं दिसत असणार तुम्हाला. फिकट पिवळं आणि पांढरं ह्यांतला फरक कळत नसेल. हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही." मला आमच्या ओट्यावरची पिवळसर रेघ आठवली. जाऊबाई टेबलाची कड चाचपत होत्या. "करून टाका ऑपरेशन," त्या म्हणाल्या. "उगीच लांबण नको." ऑपरेशनला निघालेल्या बाईला मी काय बोलणार? आधी उजवा डोळा करायचा आणि डावा काही आठवड्यांनी, असं ठरलं.

पट्टी निघाली तेव्हा समोर मी होते. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुझ्या तोंडावर एवढे डाग कधी आले गं?"

"तुमच्यासोबत गाडीतून उन्हातान्हात फिरून."

"आणि हा स्वेटर निळा आहे? मी राखाडी समजत होते."

त्या पोरीसारख्या खूश होत्या. परतताना गाडीत एकदा हा डोळा मिटून बघायच्या, एकदा तो. "धाकटे, जग दोन आहेत बघ. एक जुनं, एक धुतलेलं." पाट्या वाचल्या, झाडं बघितली, वाहतूक पोलिसाचा शर्ट किती पांढरा आहे ते त्यालाच खिडकीतून सांगितलं. मीही हसत होते, पण मनात आमचा ओटा होता.

जिना चढून त्या आपल्या घरी जातील असं वाटलं होतं. पण आमच्या घराचं दार उघडं होतं आणि स्वयंपाकघरात खिडकीतून चांगला उजेड आला होता. त्या पाणी प्यायला म्हणून आत शिरल्या. पेला भरला, ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. सिंकपुढे वाकल्या. उजवा डोळा मिटला. मग तो उघडून डावा मिटला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. जुन्या डोळ्याला तिथे काहीच नव्हतं. नव्या डोळ्याला ती रेघ ढळढळीत दिसत होती.

इतक्या दिवसांची माझी उत्तरं तयार होती. एकापेक्षा एक झणझणीत, घासूनपुसून ठेवलेली. पण त्यांचा चेहरा बघितला आणि ती सगळी मी तशीच ठेवून दिली.

"तू सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या.

"सांगितलं होतं."

"हं," म्हणून त्यांनी पाणी पिऊन टाकलं आणि घरी गेल्या.

मला वाटलं, आता चार दिवस अंथरूण धरतील. कसलं काय. जेवणं झाल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि जाहीर केलं की ह्या अलीकडच्या काळात जिथे जिथे पांढरा किंवा फिकट दगड दुरुस्त केला असेल तिथे तिथे जाऊन त्या स्वतः बघणार, आणि चुकलं असेल तर नव्यानं भरून देणार.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "अगं, कुणाची तक्रार आली आहे का?"

"नाही."

"मग आपण होऊन लोकांच्या दारात जाऊन सांगायचं, आम्ही काम बिघडवलं? ही कुठली रीत?"

"तक्रार नाही म्हणून बिघडलं नाही असं होतं का?" जाऊबाई म्हणाल्या. "लोक बिघडलेलं आपल्याकडे आणतात. आपण ते नीट करतो. आता माझ्याच हातून बिघडलंय, तर मी ते नीट करणार. ह्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

आमचे हे म्हणाले, "वहिनी, नाव जाईल."

"जायचं असेल तर जाऊ दे. खोट्या कामावर टिकलेलं नाव मला नको."

मला हे पटलं नव्हतं, प्रामाणिकपणे सांगते. गावभर फिरून आपल्या चुका मोजत बसायचं म्हणजे काय? पण त्यांनी माझ्याकडे बघून "सकाळी गाडी काढ" म्हटलं आणि मी काढली. त्यांच्या आवाजात एक असं काहीतरी आहे की माणूस आधी उठतो आणि मग विचार करतो.

आधी एका शिंप्याच्या घरी गेलो. तिथला दगड तपकिरी, काळ्या-लाल ठिपक्यांचा. त्यात सांधा असा मिसळला होता की नव्या डोळ्यालाही सापडेना. जाऊबाईंची छाती फुगली. शिंप्यानं आग्रहानं चहा पाजला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "बघितलंस? उगीच घाबरत होतीस तू." मी घाबरत होते म्हणे.

तिथून केकवालीकडे गेलो. ही तरुण बाई घरीच केक करते, वाढदिवसांचे, लग्नांचे. तिचा ओटा म्हणजे एक लांबच लांब पांढरा संगमरवर. तो थंड राहतो म्हणून तिनं मुद्दाम आमच्याकडूनच बसवून घेतला होता आणि साखरेचे थर ती त्यावरच लाटते. सिंकच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंत तो तडकला होता, तो जाऊबाईंनी भरून दिला होता. आम्ही गेलो तेव्हा तिचे दोन्ही हात पिठीसाखरेत होते.

"अय्या, काकू, तुम्ही? ओटा छान आहे हो, काही तक्रार नाही."

"छान नाहीये," जाऊबाई म्हणाल्या. "सरक जरा."

डावा डोळा मिटून त्यांनी बघितलं. डोळा मिटायची गरजच नव्हती. मला दारातून दिसत होतं. आमच्या ओट्यावर होती तशीच रेघ, पण इथे लांब आणि खिडकीच्या अगदी समोर.

"हे माझं काम," त्या केकवालीला म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मला पिवळं पांढरं दिसत होतं. हे चुकलंय. मी हे खरवडून नव्यानं भरून देणार आहे. तुला कधी सोयीचं पडेल ते सांग." चूक कबूल करतानाही असं वाटत होतं की समोरच्याला रागावताहेत.

केकवालीनं हात पुसले. "हो, दिसतो तो," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून दिसतो."

"पहिल्या दिवशी मी तुला शोध म्हटलं होतं."

"हो."

"तू सापडत नाही म्हणालीस."

"काकू, तुम्ही इतक्या खात्रीनं विचारलंत," केकवाली म्हणाली. "मला वाटलं, ज्या बाईचा जन्म दगडात गेला तिला दिसत नाही आणि मला दिसतंय, म्हणजे माझ्यातच काहीतरी गडबड आहे. मी दुसऱ्या दिवशी जाऊन डोळे तपासून आले." तिनं नाकावरच्या चष्म्याला बोट लावलं. चष्म्यावर साखर लागली. "हा तेव्हाचाच."

मला हसू फुटणार होतं. पण जाऊबाईंकडे बघितलं आणि ते घशातच राहिलं. ती मुलगी टोमणा मारत नव्हती. झालं ते सरळ सांगत होती, आणि तेच त्यांना जिव्हारी लागलं.

"नंबर निघाला?" जाऊबाईंनी विचारलं.

"अगदी थोडा. नसता लावला तरी चाललं असतं म्हणे."

गाडीत त्या पुढच्या काचेतून बघत बसल्या. दोन्ही डोळे उघडे. पाट्या वाचल्या नाहीत, कुणाच्या शर्टाबद्दल बोलल्या नाहीत. घराच्या वळणावर आलो तेव्हा म्हणाल्या, "मामंजींनासुद्धा दिसला असेल का गं?"

"मामंजी कुणाला भीत होते का?" मी म्हणाले. "त्यांना दिसला असता तर तो ओटा त्यांनी भाऊजींच्या डोक्यात घातला असता."

त्या हसल्या नाहीत. मला पहिल्यांदाच त्यांची भीती न वाटता काळजी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाईंनी रंग कालवणं बंद केलं. रडणं नाही, कुढणं नाही. त्या सकाळी खाली कारखान्यात जायच्या आणि नव्या ओट्यांच्या कडा घासत बसायच्या. दुरुस्तीचा फोन आला की म्हणायच्या, "काळा दगड असेल तर घे. दुसरा असेल तर नाही म्हण." काळ्यात भरणं कुणालाही जमतं, हे त्याच मला इतकी वर्षं सांगत आल्या होत्या. भाऊजी रोज विषय काढायचे आणि रोज गप्प बसायचे. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "हिला एकदा माझ्यावर ओरडायला सांग गं. घर सुनं वाटतं." एवढा दांडगा माणूस, पण कुजबुजत होता. मलाही कळत होतं की डोळा बरा होऊन उपयोग नव्हता. त्या डोळ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि तो परत आला नाही तर आमच्या जाऊबाई उरलेलं आयुष्य कडा घासत काढणार होत्या.

मग केकवालीचा फोन आला. "ओटा रिकामा करून ठेवलाय. काकू कधी येणार?"

"उद्या सकाळी," मी म्हणाले.

खाली जाऊन जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी घासणी बाजूला ठेवली. "मला न विचारता? तू कोण ठरवणार?"

"फोन मी घेते. कुणाकडे कधी जायचं ते मीच ठरवते. रंग माझं काम नाही, पण हे आहे."

हे जरा जास्तच झालं असं मला बोलल्यावर वाटलं. पण त्या चिडल्या नाहीत. हातावरची ओली भुकटी पुसत म्हणाल्या, "आणि माझा हात अडला तर?"

"तर परत येऊ. गाडी माझ्याच हातात आहे."

सकाळी केकवालीच्या स्वयंपाकघरात लख्ख उजेड होता. जाऊबाईंनी गरम हवा सोडणाऱ्या हीट गननं जुनं भरण मऊ केलं आणि ब्लेडनं कोरून काढलं. हे करताना हात असा चालत होता की बघत राहावं. आपलंच काम उकरून काढताना त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. फट मोकळी झाली, पुसली, सुकवली. मग बशी काढली. डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला, कारण तो डोळा अजून जुनाच होता आणि त्याला मधे बोलू द्यायचं नव्हतं. पांढरी पूड घेतली, इपॉक्सी घातली, कालवली. राखाडीची चिमूट घातली. पुन्हा पांढरी. पिवळ्या पुडीच्या बरणीला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती पेटीत झाकण लावून तशीच पडली होती. मी बघत होते.

बशी घेऊन त्या ओट्याशी वाकल्या आणि काडीनं एक ठिपका फटीच्या कडेला लावला. केकवाली चष्मा पुसून पुढे आली. आता भरायला घेतील असं वाटलं. जाऊबाई तशाच थांबल्या. इपॉक्सी फार वेळ थांबत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.

"धाकटे," त्या म्हणाल्या. "इकडे ये. बघ, जुळतंय का?"

इतकी वर्षं समोरासमोरच्या दारांत राहिलो, एका गाडीतून फिरलो, पण हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. मला काय, कुणालाच नाही. मी वाकले. ठिपका बघितला, दगड बघितला. सरळ "हो" म्हणावं असं मनात येऊन गेलं. बाई आत्ता कुठे उठून उभी राहते आहे, तिला एक "हो" दिलं तर काय बिघडणार होतं? पण "हो" म्हणणाऱ्यांनीच तर तिच्यावर ही पाळी आणली होती.

"नाही," मी म्हणाले. "निळसर झालंय."

जाऊबाई एका डोळ्यानं आधी बशीकडे, मग दगडाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. आता पेटी बंद होणार आणि आम्ही जिना उतरणार, असं मी धरून चालले होते.

"मग उभी काय राहिलीस?" त्या म्हणाल्या. "पिवळ्याची बरणी दे."